कोर्ट त्यांचं लिहिलं होतं, कायद्याची ओळच नव्हती

परदेशातून मशीन मागवताय तर एकदा हे वाचा, मी पैसे घालवून शिकलोय. सप्लायर युरोपियन युनियनमधला. करारात वाद झाला तर कोर्ट त्यांच्याकडचं असं होतं पण कायदा कुठल्या देशाचा यावर एक अक्षर नाही. विचारलं तर म्हणे राहू द्या हो, डिलिव्हरी तुमच्या दारात म्हणजे कायदा पण तुमचाच. आणि मला ते पटलं!

मग फोनवर सांगितलं की खोकं उघडू नका, आमचा इंजिनिअर येऊन उघडेल नाहीतर वॉरंटी जाईल. आज येतो उद्या येतो करत पाच महिने काढले, शेवटी मीच उघडलं तर आत वरून रंग मारलेलं वापरलेलं मशीन. तक्रार केली तर थेट त्यांच्या वकिलाचं पत्र, उशीर झाला म्हणून.

झालं काय, तर करारात कायदा ठरवलेला नसला की तिकडची कोर्टं २००८ चा रोम-१ नियम (कुठल्या देशाचा कायदा लागू हे ठरवणारा युरोपियन युनियनचा नियम) लावतात, त्याच्या कलम ४ मध्ये मालाची विक्री असेल तर विकणाऱ्याच्या देशाचा कायदा. दुसऱ्या देशाशी उघड उघड जास्त जवळचा संबंध दिसला तरच अपवाद, आणि नुसती माझ्याकडे डिलिव्हरी झाली एवढ्यावर ते भागत नाही असं माझे वकील म्हणाले. त्यात कोर्ट पण त्यांचंच. त्यांचा देश सदस्य म्हणून त्यांच्या कायद्याबरोबर १९८० चा व्हिएन्ना विक्री करार (माल विक्रीबद्दलचा देशादेशांमधला करार) पण आला, माझा देश त्याचा सदस्य नसूनही! त्यात माल होईल तितक्या लवकर तपासायचा आणि दोष वाजवी मुदतीत कळवायचा, नाहीतर हक्क गेला (कलम ३८, ३९). कलम ३९ मध्ये कळवायला दोन वर्षं वाचून मी खूश झालेलो, पण ती शेवटची हद्द आहे, तोपर्यंत थांबायची सूट नाही.

कलम ४० मध्ये एक सोय आहे, विकणाऱ्याला दोष माहीत असेल तर उशिराचं कारण त्याला सांगता येत नाही. पण हा म्हणतो मीही असंच घेतलं, रंग कोणी मारला मला काय माहीत.

पुढच्या वेळी मी कायद्याची ओळ वेगळी घालून घेणार आहे. त्यातही सदस्य देशाचा कायदा लिहिला की व्हिएन्ना करार आपोआप आत येतो, नको असेल तर नको असं स्पष्ट लिहायला लागतं.

वकिलाने पहिलं काय विचारलं माहितीये, खोकं उघडू नका हे मेलवर आहे का? सगळं फोनवर. अर्ध्या पैशांत मिटवलं.