सिस्टीम अ‍ॅनालिसिसची रविवारची बॅच: डीएफडी झक्कास, यूएमएल गुंडाळलं

आठ रविवार गेले, चार हजार रुपये गेले, म्हटलं आता लिहून टाकू. क्लासचं नाव देत नाही, पेठेतलाच आहे, तीन जिने चढून. एमसीएचा पेपर असेल किंवा माझ्यासारखं नोकरी करता करता सिस्टीम अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे कोड लिहायच्या आधी काम समजून घेऊन कागदावर मांडायच्या, स्ट्रक्चर्ड आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेड (ओओ) या दोन्ही पद्धती एकदा नीट समजून घ्यायच्या असतील त्यांच्यासाठी.

पहिले पाच रविवार स्ट्रक्चर्ड, म्हणजे मुख्यतः डीएफडी (डेटा फ्लो डायग्राम, माहिती कुठून कुठे जाते त्याचं चित्र), आणि इथे सर म्हणजे राजा माणूस. स्लाइड नाही काही नाही, पहिल्याच दिवशी म्हणाले जिथे जेवता ती मेस घ्या आणि एका कूपनचा पाठलाग करा. मी आमच्या काकूंची मेस घेतली. आधी कॉन्टेक्स्ट डायग्राम, मधे एकच गोल, बाजूला मेंबर, काकू, किराणावाला. मग तो गोल फोडायचा, मेंबर नोंदवणं, जेवण मांडणं, खाडा घेणं, बिल काढणं. डीमार्कोने १९७८ मध्ये मांडले तसे गोलच काढायचे, गेन-सार्सन या दुसऱ्या पद्धतीचे गोल कोपऱ्यांचे चौकोन सरांना चालत नाहीत, का तर म्हणे गोल हाताने पटकन निघतो.

डायग्रामची प्रिंट काकूंना दाखवली. पोळी लाटता लाटता बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, खाडे वहीत लिहून घेतोयस, पण बिलातून वजा कुठे करतोयस?" बघतो तर खरंच, खाडा वहीकडे बाण जात होता, बाहेर एकही येत नव्हता! ज्या बाईने आयुष्यात कोड बघितला नाही तिने कोड लिहायच्या आधी चूक पकडली, डीएफडी कशासाठी असतो ते मला तिथे कळलं. नुसतं आत घेऊन काहीच बाहेर न देणाऱ्या प्रोसेसला, म्हणजे गोलाला, सर ब्लॅक होल म्हणतात, माझी वही त्याचीच बहीण. खाड्याच्या नियमाचं डिसिजन टेबल, म्हणजे कुठल्या अटींना काय करायचं त्याचा तक्ता, पण मस्त करून घेतलं, आदल्या रात्री सांगितलं का, सलग तीन दिवस आहे का, हो-नाहीच्या दोन अटी म्हणून चार कॉलम, विषय संपला.

मग ओओ आलं आणि गाडी घसरली. उरले तीन रविवार, त्यातला एक लाइट गेल्यामुळे अर्धाच. बूच, रम्बॉ, जेकबसन तिघं कसे एकत्र आले, १९९७ ला ओएमजी या संस्थेने यूएमएल, म्हणजे ओओ डायग्राम काढायची ठरलेली भाषा, कसं स्टँडर्ड केलं यातच तासभर गेला. नंतर काय तर वर्णनातली नामं शोधा आणि त्यांचे क्लास करा (हा कोडमधला क्लास, एका प्रकारच्या गोष्टीची माहिती आणि कामं एकत्र ठेवणारा साचा). आमच्या बॅचमधे एकाने पोळी नावाचा क्लास केला, त्यात फक्त संख्या. सर बरं म्हणाले!

बाकीचं मी घरी बसून केलं. मेंबर हा वरचा क्लास, खाली मासिक, गेस्ट आणि डबावाले, प्रत्येकाचं बिल काढायचं काम त्याच्याकडेच. मधेच काकूंनी पंधरा दिवसांचं कार्ड सुरू केलं तर डीएफडीवाल्या डिझाइनमधे बिलाची प्रोसेस, डिसिजन टेबल, डेटा डिक्शनरी (माहितीच्या नावांची यादी) असं तीन ठिकाणी हात घालावा लागला, इकडे मेंबरखाली एक नवा सबक्लास जोडला की झालं. स्ट्रक्चर्डमधे माहिती एकीकडे आणि काम दुसरीकडे, ओओमधे दोन्ही एकाच घरात, एवढं एक वाक्य क्लासमधे कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. पण उलटंही आहे. महिन्याचं बिल बनतं कसं हे क्लास डायग्रामवर दिसतच नाही, त्यासाठी कोण कुणाला कुठल्या क्रमाने काय सांगतं ते दाखवणारा सीक्वेन्स डायग्राम काढावा लागतो, तो काकूंना दाखवला तर म्हणाल्या हे काय एसटीचं वेळापत्रक?

सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे स्ट्रक्चर्डकडून ओओकडे जायचं कसं हे शिकवलंच नाही. डेटा स्टोअरचे, म्हणजे खाडा वहीसारख्या साठ्यांचे, ढोबळमानाने क्लास होतात, पण एकाच प्रोसेसचं काम तीन-चार क्लासमधे विखुरतं, ते कसं वाटायचं विचारलं तर "प्रॅक्टिसने येतं". आणि नोट्समधल्या फरकाच्या तक्त्यात काय, तर स्ट्रक्चर्ड जुनी पद्धत, ओओ नवी पद्धत. पाच मार्कांना ठीक आहे. आमच्या ऑफिसात कोड सगळा ओओ आहे आणि डेटाबेसचा प्रश्न आला की आजही बोर्डवर आधी स्ट्रक्चर्डवाल्यांचा ईआर डायग्रामच (कुठली माहिती कशाशी जोडलेली ते दाखवणारा) निघतो.

साडेतीन स्टार, त्यातले तीन पहिल्या पाच रविवारांचे. जाणार असाल तर स्वतःच्या ओळखीतली मेस, डेअरी, गॅरेज काहीतरी घेऊनच जा, सर त्यावर करू देतात, नाहीतर लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम गळ्यात पडते.