किल्लारी की मिठी: माणसाचा दोष कुठे जास्त?

किल्लारीचा भूकंप आणि मुंबईतल्या मिठी नदीचा पूर, दोन्हीला आपण सरसकट नैसर्गिक आपत्तीच म्हणतो, पण मला दोन्ही एका मापाने मोजणं पटत नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन करून लोक झोपलेले असताना भूकंप झाला, आणि जमिनीपेक्षा घरांनीच जास्त माणसं मारली. जाडजूड दगडी भिंती, जोडायला नुसता चिखल, वर मातीचं जड माळवद, सगळं अंगावर आलं. पण हा भाग धोक्याचा आहे असं तोवर कोणी सांगितलंच नव्हतं, मग त्या शेतकऱ्याला काय बोलणार?

मिठीचं तसं नाही हो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, मान्य, तेवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता. पण नदीवर रनवे कोणी टाकला, खाडीकाठी भराव टाकून वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) कोणी उभं केलं, तिवरं कोणी तोडली? त्यात नाले सुधारायचा ब्रिमस्टोवॅड रिपोर्ट १९९३ लाच आलेला, म्हणजे किल्लारीच्याच वर्षी, आणि तरी २००५ पर्यंत बरंचसं काम कागदावरच.

माझ्या मते किल्लारीत अज्ञान होतं, मुंबईत सगळं माहीत असून केलेली चालढकल, त्यामुळे मिठीचा दोष कितीतरी मोठा.