जंगली महाराज रोडचा फुटपाथ : बाबांना घेऊन चाललो त्याचा रिव्ह्यू (3.5 स्टार)

बाबा 78 चे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. त्यांना पुण्यात मोकळं चालता येईल असा रस्ता शोधा म्हटलं तर यादी फार लांब होत नाही. त्यात जेएम रोड (म्हणजे जंगली महाराज रोड) माझ्या मते पहिला. फुटपाथ एवढा रुंद की दोघं शेजारी शेजारी गप्पा मारत जाऊ शकतो आणि समोरून कोणी आलं तरी खाली उतरावं लागत नाही. जुनी झाडं ठेवलीत, सावली आहे, मधेमधे बसायची सोय आहे. फक्त काही बाकांना ना पाठ ना हात, बसायला बरं पण उठताना कशाला धरायचं? बाबा तिथे काठीवर जोर देऊन, माझा खांदा धरून उठतात. हे डिझाइन करणाऱ्याच्या घरी म्हातारं माणूस नसावं बहुतेक.

फुटपाथवर बाइक चढू नयेत म्हणून लावलेले खांब ठीक आहेत, पण व्हीलचेअर जाईल एवढी फट ठेवली की आपले पुणेकर त्यातून ॲक्टिव्हा घालणारच, त्याला कोण काय करणार.

खरी बोंब क्रॉसिंगची. रस्त्याच्या कडेकडेने चालायला पास, पण पलीकडे जायला साफ नापास. सिग्नलचं गणित साधारण सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्या माणसाचं, म्हणजे 15 मीटरचा रस्ता 12-13 सेकंदात. बाबांना त्याच्या दुप्पट तरी लागतात, मग निम्म्यात हॉर्न सुरू. वन वे आहे म्हणून एकाच बाजूला बघून निघालात तर राँग साइडने कोणीतरी येतोच. सिंगापूरला 2009 पासून ज्येष्ठांनी खांबावर आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा 3 ते 13 सेकंद जास्त राहतो. आपल्याकडे कार्ड राहू दे, नुसती सेकंदं वाढवली तरी चालेल, त्याला काय फुटपाथसारखं ग्रॅनाइट लागत नाही!

आईबाबांना नेणार असाल तर सकाळी दुकानं उघडायच्या आत जा. रिक्षा शिवाजीनगरकडून आणा आणि संभाजी उद्यानापाशी डावीकडेच थांबवा, उद्यान आणि बालगंधर्व रंगमंदिर दोन्ही त्याच बाजूला आहेत, क्रॉस करायची भानगडच नको. पाताळेश्वर लेणी मात्र समोरच्या बाजूला, ती वेगळ्या दिवशी करा.