फोर्ट बोवी, ॲरिझोना: चालत जाऊनच पाहावा असा लष्करी तळ

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या आग्नेय भागात, चिरिकाहुआ आणि दोस काबेसास या डोंगररांगांमधल्या अपाची खिंडीत फोर्ट बोवी हे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. प्रवेशशुल्क नाही. गाडी खाली लावून सुमारे दीड मैल पाऊलवाटेने चालावे लागते आणि ही व्यवस्था मला अतिशय योग्य वाटते, कारण या वाटेवर अमेरिकी लष्कर आणि येथले मूळ रहिवासी अपाची यांच्यातला संघर्ष का पेटला हे तळाच्या अवशेषांपर्यंत पोहोचण्याआधीच उलगडू लागते.

वाटेत प्रथम बटरफील्ड टपालगाडीच्या 1858 मधील ठाण्याचा पाया लागतो. याच परिसरात फेब्रुवारी 1861 मध्ये अमेरिकी लष्करातील लेफ्टनंट जॉर्ज बॅस्कम याने अपाचींच्या चिरिकाहुआ शाखेचा प्रमुख कोचीस याला तंबूत बोलावून, एका मुलाच्या अपहरणाचा आरोप ठेवून अडकवण्याचा प्रयत्न केला. तो गुन्हा कोचीसच्या लोकांचा नव्हता. कोचीस तंबूचे कापड सुरीने फाडून निसटला, मात्र त्याचे नातेवाईक लष्कराच्या ताब्यात राहिले. पुढे दोन्ही बाजूंनी ओलीस मारले गेले आणि कोचीसचा भाऊ व पुतणे फासावर गेले. एका अननुभवी अधिकाऱ्याच्या अविचारामुळे भडकलेले हे वैर 1872 पर्यंत शमले नाही.

पुढचे स्मशान छोटे आहे, पण तेथे थांबावे. लष्कराशी लढणारा अपाची नेता जेरोनिमो याचा मुलगा म्हणून नोंद असलेल्या, दोन वर्षांच्या लिटल रोबची कबर सैनिकांच्या तळावरच आहे.

मग येतो अपाची झरा, आणि माझ्या मते या स्थळाचे मर्म येथेच आहे. या कोरड्या मुलखात बारमाही पाणी दुर्मीळ असल्याने टपालगाडी, लष्कर आणि अपाची या सर्वांना याच खिंडीत यावे लागे. जुलै 1862 मध्ये कोचीस आणि दुसरा अपाची प्रमुख मांगास कोलोराडास यांच्या योद्ध्यांनी कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवक सैनिकांना येथे रोखले. तहानलेल्या सैनिकांनी डोंगरी तोफांच्या माऱ्याने वाट मोकळी केली आणि त्याच महिन्यात पाण्यावर ताबा ठेवण्यासाठी टेकडीवर पहिला तळ उभारला गेला. सह्याद्रीतल्या गडांवर पाण्याच्या टाक्यांचे महत्त्व जाणणाऱ्या मराठी माणसाला हे गणित चटकन उमगेल.

तटबंदी किंवा बुरूज पाहण्याच्या अपेक्षेने मात्र येऊ नये. 1868 पासून शेजारच्या पठारावर वसवलेला दुसरा, मोठा तळही तटाविना होता. बराकी, इस्पितळ, दुकान, अधिकाऱ्यांची घरे अशा इमारतींच्या कच्च्या विटांच्या भिंती आता बुटक्या उरल्या असून, पावसाने आणखी विरघळू नयेत म्हणून त्यांवर चुन्याचा लेप दिला आहे. पुनर्बांधणी न करता, आहे ते राखण्याचा हा संयम मला मोलाचा वाटला.

सप्टेंबर 1886 मध्ये जनरल नेल्सन माइल्सपुढे शरण आलेल्या जेरोनिमोला याच तळावर आणून फ्लोरिडाला पाठवण्यात आले. त्याच्याशी लढताना लष्करासाठी माग काढणाऱ्या चिरिकाहुआ वाटाड्यांनाही हद्दपार केले गेले आणि ही जमात 27 वर्षे युद्धकैदी राहिली. विजयाचे ठिकाण म्हणून हा तळ पाहणाऱ्याने हा विश्वासघात विसरू नये. ज्यासाठी तळ होता ते युद्ध संपल्यावर 1894 मध्ये लष्कराने तो सोडला.

अवशेषांजवळच्या छोट्या माहिती केंद्रातली छायाचित्रे बारकाईने पाहावीत. त्यांतल्या इमारती ओळखल्यावर बाहेरच्या भिंतींची मांडणी नीट समजते. परतताना कड्यावरची दुसरी वाट घेतली, तर खिंडीचा सारा विस्तार वरून दिसतो. येथे चढ फार नाही, पण सावली कमी आहे. त्यामुळे भरपूर पाणी सोबत घ्यावे, उन्हाळ्यात पहाटेच निघावे आणि खुरट्या झुडपांतून चालताना सापांकडे लक्ष ठेवावे. चालणे शक्य नसलेल्यांनी आधी संपर्क साधल्यास गाडीने जवळ पोहोचण्याची सोय होऊ शकते.