इतवारीतला सुटा जवस, अडीच महिने रोज खाऊन झाल्यावर

मी मूळची नागपूरची, आता पुण्यात, आणि इकडे ज्याला अळशी म्हणतात त्याला आम्ही जवस म्हणतो. चार-पाच वर्षांपासून पोट साफ न होण्याचा त्रास होता, दिवसभर खुर्चीत बसून काम, रोज रात्री चूर्ण घेतल्याशिवाय सकाळी काही होतच नव्हतं, त्याचीही सवय लागली होती.

आधी ऑनलाईन तयार जवस पावडरचं पाकीट मागवलं. छान झिपलॉक पाऊच, पण उघडल्याबरोबर जुन्या तेलासारखा खवट वास. जवसात तेल भरपूर, ओमेगा ३ वालं, आणि दाणा एकदा फुटला की ते हवेने लवकर खराब होतं, त्यामुळे पावडर कधी दळली ते माहीत नसेल तर घेऊच नका. पाकीट फेकलं, २०० ग्रॅमचे पैसे गेले.

मग मे महिन्यात माहेरी गेले तेव्हा इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानातून २ किलो सुटा जवस आणला. दुकानदार काकांनी मूठभर हातावर दिला आणि म्हणाले, "चावून बघा ताई, कडवट लागला तर नका घेऊ". दाणा चकचकीत, तपकिरी, बोटातून सुळकन निसटणारा, चव बदामाच्या जवळ जाणारी. एकच तक्रार, काडीकचरा बराच होता, पाखडून निवडायला अर्धा तास गेला. पण भाव पाऊचच्या निम्म्याहून कमी.

आता खायचं कसं ते नीट सांगते कारण बरेच लोक इथेच चुकतात. अख्खा दाणा गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, त्याचं टरफल फार चिवट असतं, म्हणून दळूनच खायचा. मी आठवड्यापुरताच वाटीभर मंद आचेवर कढईत भाजते, तडतडायला लागला की लगेच ताटात काढते, पूर्ण गार झाल्यावर मिक्सर थांबवत थांबवत फिरवते (सलग फिरवलात तर तेल सुटून गोळा होतो) आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये. अख्खा जवस मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात महिनोन् महिने छान राहतो.

सकाळी एक मोठा चमचा ताकात घालून घेते, त्यात साधारण २ ग्रॅम फायबर मिळतं. ताक पाच मिनिटं तसंच ठेवलं तर दाट आणि बुळबुळीत होतं, तोच जवसाचा चिकटपणा आतड्यात पाणी धरून ठेवतो आणि मल मऊ करतो, इसबगोलसारखंच म्हणा. म्हणूनच पाणी भरपूर प्यायलाच हवं. पहिल्या आठवड्यात मी उत्साहाने एकदम दोन चमचे सुरू केले आणि पाणी नेहमीइतकंच, तर पोट फुगून गच्च झालं, दोन दिवस फार वाईट गेले. मग अर्ध्या चमच्यावर आले, हळूहळू वाढवलं, दिवसभरात दोन-तीन ग्लास पाणी जास्त.

दहा-बारा दिवसांनी फरक जाणवला. चूर्णासारखा मुरडा नाही, घाई नाही, सकाळी चहानंतर आपोआप जावंसं वाटतं. आता चूर्ण महिन्यातून एखाद्या वेळीच. ज्यांना हे रोजचं दुखणं आहे त्यांनाच कळेल की मला किती हायसं वाटलंय.

रात्री जेवताना चटणी. भाजलेला जवस, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, जाडसर वाटायचं, वरून कच्चं तेल आणि गरम ज्वारीची भाकरी. माझा मुलगा ताक-जवस तोंडात घेत नाही पण ही चटणी दोनदा मागून खातो.

बाबांनाही सुरू करायचं होतं, पण त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून आधी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सध्या नको म्हटलं आणि आम्ही ऐकलं. कुठलीही गोळी असेल तर जवस तिच्यासोबत घेऊ नका, मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच घ्या. शौचातून रक्त येत असेल किंवा वजन उतरत असेल तर जवस वगैरे राहू द्या, आधी तपासणी करा.

जवसाला ५ पैकी साडेचार, अर्धा त्या कचऱ्यासाठी कापला. २ किलोतला पाऊण किलो उरलाय, दिवाळीला जाईन तेव्हा त्याच दुकानातून परत घेणार, शेजारच्या ताईंनीही १ किलो सांगून ठेवलाय.