पहिलं जुनं रिव्हॉल्व्हर: कोल्ट घ्यावं की स्मिथ अँड वेसन?

अमेरिकेत राहून जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय, गाठीला पैसे मोजके आहेत, कपाटात एकच नग बसणार आहे आणि तो अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवर गुराखी-शेरीफांचा अंमल होता त्या काळातलाच हवा आहे. अशा वेळी नावं दोनच उरतात: कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी आणि स्मिथ अँड वेसनचं मॉडेल थ्री. माझा कौल आधीच सांगून टाकतो: पहिला नग स्मिथचा घ्या. कोल्टमध्ये खोट आहे असं नाही, पण त्या नावाला इतका भाव आहे की नकला करणाऱ्यांनी आपलं बरंचसं कसब त्याच्यावरच खर्ची घातलंय आणि नवख्याची तिथे हमखास फसगत होते.

कोल्ट आलं १८७३ साली, कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या कारखान्यातून, .४५च्या, म्हणजे साधारण ०.४५ इंच जाडीच्या गोळीच्या काडतुसासाठी. लष्कराने ते लगेच स्वीकारलं. पहिली पिढी १९४०च्या आसपासपर्यंत चालली आणि साडेतीन लाखांवर नग निघाले, तेव्हा 'दुर्मीळ' म्हणून कोणी गळ्यात मारू लागला तर हसून सोडून द्या. त्यातले साधारण ३७ हजार सरकारने घेतले, घोडदळासाठी साडेसात इंची नळीचे. बाकीचे दुकानांतून ज्याच्या त्याच्या कमरेला गेले. .४४-४० काडतुसाचं 'फ्रंटियर सिक्स शूटर' आलं तेव्हा विंचेस्टरच्या १८७३ रायफलीचीच काडतुसं त्यातही चालू लागली. पट्ट्यात एकच माल भरला की दोन्ही हत्यारांची सोय.

घोडदळाचं कोल्ट म्हणून कोणी पुढे केलं, की फ्रेमच्या डाव्या बाजूचा 'यू.एस.' शिक्का भिंगाखाली धरा. ठोका बसला की धातू कडेला किंचित उचलला जातो. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं घासून ती कड बसून जाते. आता फ्रेम गुळगुळीत झालेली, स्क्रूंच्या खाचा झिजून गोलावलेल्या आणि शिक्क्याची कड तेवढी नखाला अडकतेय, तर तो शिक्का कालपरवाचा. मग अक्रोडाच्या लाकडी मुठीवरची तपासनिसाची आद्याक्षरं बघा. 'ओ.डब्ल्यू.ए.' म्हणजे ऑर्विल एन्सवर्थ. ही अक्षरं सुरुवातीच्या नगांवर असतात आणि ती दिसली की किंमत उडी मारते, त्यामुळे ती खोटी पाडायचा मोहही तितकाच. निळ्या ब्लूइंगच्या, म्हणजे पोलादावर चढवलेल्या निळसर थराच्या खाली गंजाचे खड्डे दिसले तर गंज आधीचा आणि रंग मागाहून चढवलेला, हे उघड आहे. असा नव्याने रंगवलेला नग कितीही चकचकीत असला तरी माझ्या लेखी तपकिरी पडलेल्या अस्सल नगाच्या खालीच.

अनुक्रमांकांची मात्र गंमत आहे. फ्रेम, चापाचं कडं आणि मुठीची मागची पट्टी यांवरचे आकडे एरवी जुळायलाच हवेत. पण १८९५पासून लष्कराने घोडदळाची जुनी कोल्ट परत मागवून नळ्या साडेपाच इंचांवर आणल्या आणि सुटे भाग सरमिसळ करून पुन्हा जोडले. 'आर्टिलरी' (तोफखाना) या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नगांत आकडे न जुळणं हेच बहुधा बरोबर असतं. सगळे जुळले तर उलट दोन प्रश्न जास्त विचारायचे.

कोल्टची दुसरी डोकेदुखी तारखेची. अमेरिकेच्या १९६८च्या फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' धरलं जातं, आणि आजच्या बंदुकीसारखी परवानाधारक विक्रेत्यामार्फत खरेदी करण्याची अट त्याला फेडरल पातळीवर लागत नाही. कोल्टच्या याद्यांत १८९९ची सुरुवात १,८२,००० या क्रमांकाने होते. त्याच्या शंभर आकडे अलीकडचा आणि शंभर पलीकडचा नग डोळ्यांना एकच दिसेल, पण खरेदीची वाट वेगळी आणि भावही वेगळा.

आता स्मिथ. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड, साल १८७०. खटका उचलला की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर पुढे झुकतात, आणि मधली चांदणी वर येऊन सगळी टरफलं एका झटक्यात बाहेर फेकते. कोल्टमध्ये उजवीकडची खिडकी उघडून एकेक टरफल दांडीने ढकलत बसावं लागतं. धावत्या घोड्यावर तर विचारूच नका. तरीही लष्कराचा कल कोल्टकडेच राहिला, कारण त्यात भाग कमी आणि फ्रेम एकसंध. रशियाच्या झारच्या सरकारने मात्र १८७१पासून स्मिथला मोठमोठ्या ऑर्डरी दिल्या. त्यातूनच 'रशियन' मॉडेल आणि .४४ रशियन काडतूस आलं.

मॉडेल थ्रीमधलं सगळ्यात मिरवलं जाणारं नाव स्कोफील्ड. दहाव्या घोडदळाचे मेजर जॉर्ज स्कोफील्ड यांनी खटका नळीवरून फ्रेमवर आणला, म्हणजे एका हाताने उघडता येईल. १८७५ ते १८७७ या काळात नऊ हजारांच्या आतच बनली आणि जवळजवळ सगळी लष्कराकडे गेली. पण सिलिंडर आखूड. स्कोफील्डचं काडतूस कोल्टमध्ये चालायचं, कोल्टचं लांब काडतूस स्कोफील्डमध्ये बसायचं नाही. पुढे लष्कराने काढून टाकलेली काही वेल्स फार्गो या टपाल आणि पैसे वाहून नेणाऱ्या कंपनीने घेऊन पाच इंची करवली आणि त्यांवर आपली अक्षरं ठोकली. करवत आणि चार ठसे असले की घरबसल्या 'वेल्स फार्गो' तयार करता येतं, तेव्हा पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊच नका.

घ्यायचं ते १८७८चं न्यू मॉडेल नंबर थ्री. सुमारे ३६ हजार बनली. विक्री १९१२पर्यंत चालली तरी फ्रेम सगळ्या १८९९च्या आधीच्या, म्हणजे तारखेची कटकट मिटली. घडण कोल्टपेक्षा नाजूक आणि, मला विचाराल तर, जास्त देखणी. नग हातात आला की बंद करून नळी हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून पाहा; बिजागरी खुळखुळत असेल तर पुढे बोलूच नका. सावकाश उघडताना चांदणी पूर्ण वर येऊन टपकन खाली बसली पाहिजे. रिव्हॉल्व्हरचा घोडा (मागची हातोडी) विक्रेत्याला विचारूनच चढवावा आणि रिकामा आपटू तर कधीच नये. एक अडचण आहे: यातली बरीच परदेशी गेली. जपानी नौदलाच्या नगांवर नांगराचा शिक्का असतो. वस्तू सुंदर, पण ॲरिझोनाची धूळ तिने पाहिलेली नाही.

रेमिंग्टनचं १८७५चं मॉडेल स्वस्तात मिळू शकतं, नळीखालच्या त्रिकोणी पट्टीमुळे लांबून ओळखू येतं, आणि नामचीन दरोडेखोर फ्रँक जेम्सने १८८२मध्ये शरण जाताना मिसूरीच्या गव्हर्नरपुढे ठेवलं ते हेच. दुसरा नग म्हणून जरूर घ्या.

एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर थांबा. अशांना काही अपवाद सोडता फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्हींची मनाई आहे. अँटिक हत्यार कायद्यातल्या बंदुकीच्या व्याख्येबाहेर असलं तरी काडतुसं बाहेर नाहीत, आणि राज्याराज्यांचे नियम निराळे. आधी वकील, मग लिलाव. आणि पुढेमागे ते पुण्या-मुंबईला नेऊ हा विचार डोक्यातून काढा; भारताच्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारांना, आणि ही चालतात.

राहता राहिले किस्से. बिली द किड या कुख्यात गुंडाला मारणारं शेरीफ पॅट गॅरेटचं कोल्ट २०२१मध्ये साठ लाख डॉलरच्या वर गेलं, कारण त्याची मालकी कागदोपत्री लागत होती. 'पणजोबा टूमस्टोनला (गोळीबारासाठी गाजलेलं ॲरिझोनातलं गाव) होते' या वाक्याची किंमत शून्य धरा. कोल्टचं दप्तर आणि स्मिथ अँड वेसनचं हिस्टॉरिकल फाउंडेशन, दोन्हींकडून अनुक्रमांकावर पत्र मागवता येतं. नोंद सापडली तर माल कधी निघाला, कुणाकडे गेला, नळी किती, मुलामा कोणता हे त्यात येतं. विक्रेत्याकडून लिहून घ्या की पत्रातली नळी किंवा मुलामा हातातल्या नगाशी जुळला नाही तर पूर्ण पैसे परत. तो का-कू करू लागला तर नग तिथेच ठेवून निघा.