मिर्टाझापिन : झोप लागली, पण भुकेचं काय करायचं?

मी मिर्टाझापिन घेतो, नैराश्यावरची गोळी, रोज तीस मिलिग्रॅम. काल तालुक्याच्या मेडिकलवाल्याने ऐकवलं, "तीसची नाही, पंधराच्या दोन घ्या. नाहीतर राहू द्या चार दिवस." पंधराच्या दोन महाग पडतात, आणि ही गोळी एकदम बंद केली तर चक्कर, मळमळ, झोप उडणं सुरू होऊ शकतं. तिथंच डोकं फिरलं. म्हटलं, आता लिहूनच काढतो.

आधीच्या एसएसआरआयने (नैराश्यावरच्याच गोळ्यांचा दुसरा गट) पोट ढवळायचं, म्हणून डॉक्टरांनी ही दिली. एसएसआरआय सुटलेलं सेरोटोनिन, म्हणजे मेंदूतल्या पेशींचं निरोप नेणारं रसायन, पेशीत परत ओढू देत नाहीत. हिचं काम निराळं. नॉरअॅड्रेनालिन या तशाच दुसऱ्या रसायनाला 'आता बस' म्हणणारे अल्फा-२ रिसेप्टर (पेशीवरच्या निरोप घ्यायच्या जागा) ही अडवते, मग नॉरअॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन दोन्ही जास्त सुटतात. वर ५-एचटी३ रिसेप्टरही अडवते, त्यामुळे मळमळ कमी. गुण यायला काही आठवडे गेले. झोप मात्र पहिल्याच रात्री.

पण भूक! अर्ध्या रात्री उठून भाकरीच्या टोपल्यात हात. येसराची आमटी थंडच ओरपायची. डब्यासाठी केलेल्या धपाट्यांचं सकाळी नुसतं फडकं उरायचं. बायको म्हणाली, "अहो, गोळी डोक्याची हाय का पोटाची?" पँटी शिंप्याकडं उसवायला दिल्या, आतलं कापड संपलं, आता नव्याच शिवायच्या. औषधाच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही. हा सगळा प्रताप बराचसा हिस्टामिनचा, मेंदूला जागं ठेवणाऱ्या रसायनाचा: ही गोळी त्याचे एच१ रिसेप्टर अडवते, त्यानं गुंगी येते आणि भूकही खवळते.

पंधरावर होतो तेव्हा शाळेत पहिल्या तासाला डोळे मिटायचे. तीस केली तेव्हा वाटलं, आता फळ्यासमोरच घोरणार. झालं उलटंच, सुस्ती उतरली. डॉक्टर म्हणाले, कमी मात्रेत हिस्टामिनचा भाग वरचढ असतो, मात्रा वाढली की नॉरअॅड्रेनालिन जोर धरतं. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, स्वतःच्या मनानं मात्रा वाढवू नका.

आणि भुकेला इतक्या शिव्या दिल्या, तर हेही सांगायला पाहिजे: गेल्या वर्षी ताट समोर आलं की नको व्हायचं, बरगड्या दिसायला लागल्या होत्या. भूक वाढते म्हणूनच ही निवडली, असं डॉक्टरांनी परवा सांगितलं. बरं, मान्य. तरी पँटींचे पैसे खिशातूनच गेले ना. आता वजन आणि साखर दोन्हीवर नजर ठेवायला सांगितलंय. रात्रीसाठी फुटाणे आणून ठेवलेत, धपाट्यांपेक्षा स्वस्त पडतात.